पालाचे भाडे

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मुलीचा पुण्याहून फोन आला आणि जानेवारीच्या अखेरीस आपण सर्वांनी नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात दोन रात्री एका यर्टमध्ये राहायचे आहे, असे तिने जाहीर केले. मला ते 'यॉट' ऐकू आले. गंगापूर धरणाच्या पाण्यात राहण्यासाठी नौका ठेवल्या असतील, असे समजून मी पोहता येत नसल्याची अडचण सांगितली, तेव्हा ती बराच वेळ हसत राहिली आणि मग तिने चित्रे पाठवली. गोल, बुटका, पांढरा तंबू. त्यावर टोपरे घातल्यासारखे छप्पर. आत रुंद पलंग, गालिचा, वेताच्या दोन खुर्च्या. आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या द्राक्षवेलींच्या सरळ ओळी. अशा थाटाच्या मुक्कामाला ग्लॅम्पिंग म्हणतात, हेही तिने समजावून सांगितले. सासूबाईंनी चष्मा लावून ते चित्र न्याहाळले आणि म्हणाल्या, "पालच की हे. पालात ऱ्हायला पैसं द्यायचं व्हय?" एका रात्रीचे ९,००० रुपये पडतात, हे त्यांना सांगण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणालाच झाले नाही.

त्यांचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना, कारण पाल मी फार जवळून पाहिलेले आहे. माझे माहेर हातकणंगले तालुक्यातले. सुगी उरकली की आजोबांच्या मोकळ्या रानात दरवर्षी धनगरांची मेंढरे बसत. मेंढरे बसवणे म्हणजे रात्रीपुरता कळप रानात कोंडणे. सकाळी त्या जागेवर लेंड्यांचा आणि मुताचा असा थर पडलेला असे की पुढच्या पिकाला वेगळे खत घालावे लागत नसे, आणि त्या बदल्यात आजोबा जोंधळे मोजून देत. दिवस मावळायच्या आत घोड्याच्या पाठीवरचे बिऱ्हाड उतरे, वाघरीच्या जाळ्यांचे कुंपण उभे राही, कोकरे डालग्याखाली झाकली जात आणि शेवटी दोन काठ्या व एक कापड यांच्या आधाराने माणसांसाठी पाल पडे. हा क्रम मी कधी उलटा झालेला पाहिला नाही. मेंढरे आधी, माणसे नंतर. आम्ही मुले पहाटे उठून धावत जायचो, तोवर पुष्कळदा रान रिकामे झालेले असायचे. तीन दगडांची काळी झालेली चूल आणि घोड्याच्या खुंटीचे भोक एवढेच मागे राहिलेले असे. एकदा मी लवकर पोहोचले. एक बाई कडेवरचे मूल खाली न ठेवता एका हाताने पाल उतरवत होती. कापडाच्या घड्या, काठ्यांची मोळी, त्यावर भांड्यांचे गाठोडे आणि सगळ्यांत वर कोंबडी, एवढे सगळे घोड्यावर चढायला माझ्या आजीला शेगडी पेटवायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

यर्टविषयी वाचू लागल्यावर ती बाई मला पुन्हा भेटली. मंगोलियात याला गेर म्हणतात आणि त्याचा अर्थ घर असाच होतो. आपल्या 'घर' शब्दाशी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे असले, तरी ते मला आवडले. किरगीझ लोक 'बोझ उय', म्हणजे राखाडी घर, असे म्हणतात. 'यर्ट' हा शब्द रशियनमार्गे युरोपात पोहोचला. मुळातल्या तुर्की भाषांत तो तंबूसाठी नसून मुक्कामाच्या जागेसाठी, पुढे वतनासाठी वापरला जाई. ज्यांचे घर रोज हलते त्यांनी वतनाला दिलेला शब्द जगाने तंबूला चिकटवला, ही गंमत मी जेवताना ह्यांना सांगितली. त्यावर ह्यांनी तिथे मटण मिळते का, एवढेच विचारले. त्या बाजूच्या गवताळ प्रदेशात मटणाखेरीज फारसे काही मिळत नाही, असे उत्तर मी दिले. परंतु प्रश्न नाशिकविषयी होता.

या घराची रचना समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्या वाया गेल्या असे मला वाटत नाही. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी असते. पट्ट्या एकमेकींना चामड्याच्या वादीने अशा जोडलेल्या असतात की जाळी ओढली की पसरते आणि ढकलली की मिटून उंटाच्या पाठीवर मावते. जाळ्या गोलात उभ्या केल्या की त्यांच्या माथ्यावरून लाकडी दांडे वर जातात आणि मधोमध एका लाकडी कड्यात रुततात. छपराचे वजन दांड्यांवाटे भिंतीला बाहेर ढकलत असते, म्हणून भिंतीच्या वरच्या कडेने पट्टा आवळलेला असतो; बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवली की सगळे आरे जागच्या जागी बसतात, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे खिळा लागत नाही आणि पायाही खणावा लागत नाही. गोल आकारामुळे वाऱ्याला धडकायला कोपरा सापडत नाही. सराईत कुटुंब दोन-तीन तासांत हे घर उभे करते. माथ्यावरच्या कड्यातून धूर बाहेर जातो आणि ऊन आत येते; उन्हाचा तो तुकडा दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो आणि त्यावरून वेळ सांगता येते. किरगीझस्तानच्या राष्ट्रध्वजावर सूर्याच्या मधोमध जी आडवी-उभी रेघांची खूण आहे, ती म्हणजे हेच कडे. मंगोल गेर बांधण्याच्या कारागिरीला युनेस्कोने २०१३ साली आणि किरगीझ व कझाक कारागिरीला २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. धनगरांच्या पालाला कुणी अशा यादीत घालील असे वाटत नाही, आणि घातले तरी ते पाहायला त्यांना सवड असायची नाही.

जाळीवरचे पांघरूण मात्र मला परके वाटले नाही. ते नमद्याचे, म्हणजे न विणलेल्या, दाबून एकजीव केलेल्या लोकरीचे असते. लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. मंगोलियात लोकर पसरतात, पाणी शिंपडतात, गुंडाळी करतात आणि ती घोड्यामागे बांधून मैदानातून फिरवतात. आमच्या आजीच्या माजघरात अशाच दाबलेल्या लोकरीची एक जाड बैठक होती. तिला जेन म्हणत. ती पिंजाऱ्याकडून करून घेतलेली होती, आणि घोंगडे मात्र सनगराच्या मागावर विणलेले, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेले होते. घोंगड्याच्या आणि जेनच्या वासात फरक असतो, हे ज्यांनी दोन्हींवर पावसाळा काढला आहे त्यांना सांगावे लागणार नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबरे यांच्याबरोबर लोकरही उधळतात. लहानपणी ती केसांत अडकली की मी रडत असे. ज्या वस्तूवर एका समाजाचे घर, अंथरूण आणि देव उभे आहेत तीच देवावर उधळली जाते, हे तेव्हा कळण्यासारखे नव्हते.

एवढे वाचून झाल्यावर मी त्या मुक्कामाच्या व्यवस्थापकाला फोन केला. आवाजावरून तो पंचविशीतला वाटला आणि फार सौजन्याने बोलला. पांघरूण नमद्याचे आहे का, असे मी विचारले. ते कॅनव्हासचे असून आतून सुती कापड लावले आहे, असे तो म्हणाला. माथ्यावरचे कडे उघडते का? नाही, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट बसवला आहे. थंडीसाठी मध्ये चूल असते का? थंडीसाठी हीटर आणि उन्हाळ्यासाठी एसी आहे, मॅडम. भिंतीची जाळी घडी घालता येते का, या प्रश्नाला तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, की खाली सिमेंटचा ओटा असून जाळी त्याला बोल्टने आवळली आहे, त्यामुळे ती सुरक्षित आहे, काळजी करू नये.

मला काळजी नव्हती, थोडी निराशा होती. हलण्यासाठीच जन्माला आलेले घर त्यांनी बोल्ट मारून थोपवले होते. परंतु नंतर विचार करताना माझे मत जरा मवाळ झाले. आपल्या हवेत खरा नमदा टिकणार तरी कसा? तो कोरड्या थंडीसाठी आहे. जिथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो आणि पाऊस जेमतेम पडतो, तिथे तो एकावर एक थर देऊन वापरतात. सह्याद्रीच्या कुशीतला एक आषाढ लागला तर तो पाणी पिऊन भिजलेल्या म्हशीसारखा जड होईल आणि श्रावणापर्यंत त्यावर बुरशी धरेल. दहा वर्षांपूर्वी एका तलावाकाठी तंबूत राहण्याचा हौशी प्रयोग आम्ही जूनमध्ये केला होता. त्या रात्री आम्ही चौघे गाडीत बसून झोपलो आणि तंबूत आमच्या चपला तरंगत होत्या. त्यामुळे कॅनव्हास क्षम्य आहे, असे मी ठरवले. एसी मात्र अजूनही क्षम्य वाटत नाही.

महिना कोणता, यावर घरात मतभेद नव्हता, कारण तो द्राक्षांनीच ठरवून दिलेला आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. आपल्याकडे वेलाला झोप नाही. म्हणून बागायतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यातून घड धरतात. फळ पावसात सापडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. वाइनच्या द्राक्षांची तोडणी त्यामुळे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये चालते आणि फळ गार राहावे म्हणून पुष्कळ ठिकाणी ती रात्री किंवा भल्या पहाटे करतात. म्हणजे जानेवारीच्या शेवटी गेलो तर यर्टच्या दारातून पाने आणि घड तर दिसतीलच, शिवाय डोक्याला दिवा लावून तोडणी करणारी माणसेही कदाचित दिसतील. त्यांना आपण नवलाने पाहावे की लाजून आत जावे, याचा निर्णय मी तिथे गेल्यावर घेणार आहे.

ह्यांनी एक रास्त हरकत घेतली. द्राक्षेच पाहायची असतील, तर कोल्हापुरातल्या आपल्या घरापासून दोन तासांच्या आत तासगाव आहे, तिथला बेदाणा आपण वर्षभर खातो, मग ४५० किलोमीटर का जायचे? हरकत खरी आहे, आणि कोल्हापूरकराने तासगावला कमी लेखणे शोभतही नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून त्या पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांना आपापल्या बागेत स्वतः प्रयोग करायला लावले. माझे वडील त्यांचे नाव अजून गुरुजी म्हणूनच घेतात. पण तासगावचा वेल खाण्याच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षासाठी आहे. त्याचे मणी मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे. वाइनचे द्राक्ष चाखले तर कुणी पुन्हा हात लावणार नाही: मणी बारका, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र जिभेला चिकटणारी. तांबड्या वाइनचा रंग रसातून येत नसून त्या जाड सालीतूनच उतरतो. शिवाय कृष्णाकाठी पलूसला वाइन पार्क उभारले गेले असले, तरी द्राक्षमळ्यात उतरून राहण्याची रीत नाशिकने रुजवली. राजीव सामंत यांनी अमेरिकेतून परत येऊन नाशिकजवळ वेल लावले, आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीला 'सुला' नाव दिले आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. पुढे लोक बाटलीच्या ओढीने येतात तसे मळ्याच्या ओढीनेही येतील, हे तिथल्या इतरांनीही ओळखले.

हवेचेही एक कारण आहे. कोल्हापूर आणि नाशिक ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, पण नाशिक तीन अंशांहून अधिक उत्तरेला असल्याने तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी पाहुणी म्हणून येत नाही. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे नाव वारंवार असते आणि पारा फार उतरला की बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. कोरडी, बोचरी थंडी आणि मोकळे आकाश, एवढे यर्टच्या मूळ गावाशी जुळणारे महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच मिळेल. पन्हाळा सुचवणाऱ्या शेजाऱ्यांना मी हेच उत्तर दिले. त्यांना ते पटले नाही, कारण पन्हाळ्यावर झुणका-भाकरी मिळते.

राहिला वाइनचा प्रश्न, आणि आमच्या घरात तो तितका हलका नाही. ह्यांच्या थोरल्या चुलत्यांनी दारूपायी दोन एकर ऊस घालवला, त्यामुळे या घरात बाटली हा शब्दही खालच्या आवाजात उच्चारला जातो. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्याला मोठा विरोध झाला आणि तो अमलात आला नाही, त्या दिवसांत 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य दूरचित्रवाणीवर सतत ऐकू येई आणि सासूबाई दर वेळी "मग काय सरबत हाय?" असे पडद्याला विचारत. माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे. वाइन दारू आहे, ती दारू म्हणूनच घ्यावी किंवा घेऊ नये; कायदाही तसेच मानतो आणि दारूबंदी अधिनियमाखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, जो एका दिवसापुरताही मिळतो. मुलगी आणि मी शेनिन ब्लाँ ही पांढरी आणि शिराझ ही तांबडी वाइन एकेक घोट चाखणार आहोत, हे मी सासूबाईंना आधीच सांगून टाकले. चाखण्याच्या दालनात घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकला तरी चालते, किंबहुना जाणकार तसेच करतात, असेही सांगितले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्यापेक्षा मी पिते असे सांगितलेले बरे झाले असते.

रस्ता ठरवताना मला सर्वाधिक आनंद झाला तो नारायणगावामुळे. पुण्याहून नाशिककडे जाताना ते वाटेतच लागते. भारतातली शँपेनसारखी फसफसणारी वाइन १९८० च्या दशकात याच परिसरात तयार होऊ लागली होती, पण माझे आकर्षण वेगळे आहे. चैत्रातल्या जत्रांच्या आधी तमाशाचे फड इथे आपापल्या राहुट्या टाकतात, आणि गावोगावचे पुढारी त्या राहुट्यांत बसून सुपारी ठरवतात. ज्यांचे वर्ष कनातीत जाते अशा लोकांची कचेरीसुद्धा कापडाचीच. आम्ही जाऊ तेव्हा तो हंगाम सुरू झालेला नसेल, तरी चहा तिथेच घ्यायचा, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. आपल्या भाषेत तंबूला किती नावे आहेत, हेही त्या निमित्ताने ध्यानात आले: पाल गरिबाचे, राहुटी शिपायाची आणि वारकऱ्याची, डेरा सरदाराचा, शामियाना लग्नाचा. यर्टला यांतले कोणतेच बसत नाही. मुलीने 'थाटाचे पाल' असा तोडगा काढला आणि घरात आता तेच नाव रूढ झाले आहे.

नोंदणी मागच्या आठवड्यात झाली. सासूबाई येणार नाहीत, असे धरून आम्ही एकच यर्ट घेत होतो. पण पैसे भरण्याच्या आदल्या रात्री त्यांनी आपले घोंगडे पेटीतून काढून गच्चीवर उन्हाला टाकायला सांगितले, त्यावरून आम्ही काय ते समजलो आणि दोन घेतले. न्हाणीघर आतच आहे, पायऱ्या दोनच आहेत आणि उशाला घंटा आहे, याची मी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. त्याच वेळी मी सहज विचारले, की दार कोणत्या दिशेला आहे. मंगोलियात ते नेहमी दक्षिणेला ठेवतात, म्हणजे उत्तरेचा वारा पाठीवर येतो आणि ऊन आत येते. पाहून सांगतो, असे म्हणून व्यवस्थापकाने फोन ठेवला. तो विसरेल असे वाटले होते, परंतु अर्ध्या तासात त्याचा उलट फोन आला. त्याने मोबाइलमधले होकायंत्र धरून दोन्ही यर्टच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहिले होते.

"दोन्हींचे दार आग्नेयेला आहे, मॅडम," तो म्हणाला. "मळा त्या बाजूला आहे ना."

मी ते सासूबाईंना सांगितले. त्या घोंगड्यावरची लव हाताने झटकत होत्या.

"आग्नेयेला तर चूल असती," त्या म्हणाल्या. "मग चूल कुठं घातलीया त्यांनी?"

विजेची किटली आहे, असे मी सांगितले.